चिठ्ठीपासून खुर्चीपर्यंत : लेकरांच्या दाढांसाठी एक खुले पत्र

मा. जिल्हाधिकारी, धाराशिव
यांस,

मी कळंब तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली-दुसरीला शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. आपल्यापुढे रस्त्यांचे, पीकविम्याचे, टँकरचे अर्ज येत असतात. माझा अर्ज चार-पाच-सहा वर्षांच्या लेकरांच्या किडलेल्या दाढांसाठी आहे. विषय किरकोळ वाटू नये म्हणून आधीच सांगते, गाल धरून बसलेलं, खिचडीचा घास एकाच बाजूनं चावणारं, गणवेशाच्या बाहीनं लाळ पुसणारं लेकरू वर्गात नव्हतं असं एकही वर्ष मला आठवत नाही. रात्रभर दाढ ठणकलेल्या लेकराला सकाळी फळ्यावरची अक्षरं दाखवण्यात काय अर्थ असतो, हे पहिलीच्या कोणत्याही बाईंना विचारा.

भारतीय दंत परिषदेनं २००२-०३ मध्ये देशभर केलेल्या पाहणीत पाच वर्षांच्या ५१.९ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. म्हणजे निम्मा वर्ग. २०१८ मध्ये आपला जिल्हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत आला. तेव्हापासून इथल्या लेकरांचं वजन, लसीकरण, शाळेतली गळती, वाचन यांचे आकडे नेमानं वर कळवले जातात. त्या निर्देशकांत दातांचा रकाना नाही. ज्या दुखण्याला रकाना नाही त्याची विचारणा बैठकीत होत नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

तपासणी होत नाही अशी माझी तक्रार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याच्या पथकांनी वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत यायचं असतं. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या हृदयाचा दोष अशाच पथकानं शोधला. शस्त्रक्रियेनंतर तो मैदानावर पळताना मी पाहिला आहे. या पथकांबद्दल मला मनापासून आदर आहे. कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत दातही आहेत. डॉक्टर बॅटरीच्या उजेडात तोंड बघतात, कार्डावर नोंद करतात, पुढच्या उपचाराची चिठ्ठी देतात. ती चिठ्ठी दप्तरात जाते आणि बहुतेक वेळा तिथंच राहते. आई रोजानं खुरपायला गेलेली असते, बाप गावात नसतो आणि घरात चिठ्ठी वाचून दाखवणारं जे लेकरू, ते अजून पहिलीत असतं. पालकांना शाळेत बोलावून समजावलं की उत्तर ठरलेलं, “बाई, दुधाचे दात हायेत, पडतेलच की.”

या उत्तरात माया कमी आहे असं मला कधी वाटलं नाही. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, ते सगळ्या घरादाराला दिसतं. दुधाच्या दाढा मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. पाचव्या वर्षी किडलेल्या दाढेवर लेकराला आणखी पाच-सहा वर्षं भाकरी चावायची असते. ती दाढ लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताला वाट उरत नाही. मुळाशी पू झाला तर खाली घडत असलेल्या पक्क्या दातालाही इजा होऊ शकते. आणखी एक गोष्ट घरोघर पोचायला हवी. सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागं, काहीही न पडता, एक नवी दाढ उगवते. ती जन्मभराची असते. तिला दुधाची समजून सोडून दिल्यानं आठव्या-नवव्या वर्षीच ती पोखरलेली मुलं मी दर वर्षी बघत आले.

कीड कशी लागते ते थोडक्यात सांगते, कारण दोष आईच्या माथी मारायची आपल्याकडे सवय आहे. तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल करतात आणि आम्लानं दाताचं वरचं कवच विरघळतं. लाळ ते हळूहळू भरून काढते, पण त्यासाठी मधे रिकामा वेळ लागतो. सकाळी चहा-बिस्किटं, शाळेत जाता जाता पाच रुपयांचा पुडा, दुपारी पुन्हा चहा, रात्री गोड दुधाची बाटली तोंडात ठेवून झोप, असा दिवस असला तर लाळेला उसंतच मिळत नाही. सुरुवात हिरडीजवळच्या चुनखडी पांढऱ्या पट्ट्यानं होते. ओठ वर करून बघितलं तर तो दिसतो आणि त्या वेळी फ्लोराइडच्या पेस्टनं तो थोपवता येतो. आपण बघतो ते लेकरू रडायला लागल्यावर. मग लवंगेचं तेल, भुईरिंगणीच्या बियांची धुरी, नाहीतर कुणीतरी मोठी बाई बोटावरची मिशेरी दाढेत दाबते. मिशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. दाढदुखीच्या निमित्तानं तंबाखूशी पहिली ओळख झालेल्या मुली आपल्या जिल्ह्यात आहेत, हे आरोग्य विभागानं फार गंभीरपणे घ्यावं.

आता ज्यासाठी लेखणी उचलली त्याकडे येते. समजा चिठ्ठी वाचली गेली, एसटीचं भाडं जमलं, रोज बुडवून आई लेकराला घेऊन दवाखान्यात पोचली. पुढं त्या खुर्चीत काय होतं?

माझ्या नातीच्या बाबतीत काय झालं ते सांगते. दवाखान्याचं नाव घेत नाही, कारण हे अनेक ठिकाणी घडतं. पाच वर्षांची पोर. घरातून निघताना तिला “कुठं नाही, फिरायला” असं सांगून नेलेलं. खुर्चीत बसवल्यावर यंत्राचा आवाज सुरू झाला, ती किंचाळली, मग एकानं पाय धरले, एकानं डोकं, आणि दाढ भरून झाली. मी बाहेर बाकावर होते. काम पंधरा मिनिटांत उरकलं. नंतर कितीतरी दिवस ती ब्रशसुद्धा तोंडात घालू देईना आणि वर्षाच्या आत दुसऱ्या बाजूच्या दोन दाढा किडल्या. या वेळी आम्हाला एक वेगळ्या डॉक्टर भेटल्या. पहिल्या दिवशी त्यांनी काहीच केलं नाही. नात आईच्या मांडीवर, हातात छोटा आरसा, आणि दोघींनी मिळून दात मोजले. वीस भरले. दुसऱ्या खेपेला त्यांनी हवेचा झोत आधी तिच्या नखावर सोडला, मग पाण्याची पिचकारी तळहातावर, मग दातावर. “हात वर केलास की मी थांबणार,” असं त्यांनी सांगितलं. तिनं मुद्दाम दोनदा हात वर करून बघितला. दोन्ही वेळा त्या थांबल्या. त्यानंतर दाढ भरून होईपर्यंत तिनं हात वर केला नाही. घरी आल्यावर म्हणाली, “आज्जी, त्यांनी मला इचारलं.”

यात त्या डॉक्टरांचा स्वभाव गोड होता हे खरं, पण मी ज्याकडे आपलं लक्ष वेधते आहे ती शिकता येणारी पद्धत आहे. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं, ही रीत अमेरिकेतले दंतवैद्य हॅरल्ड अ‍ॅडलस्टन यांनी १९५९ मध्ये मांडली आणि आज बालदंतवैद्यकात ती पायाची समजली जाते. तीन वर्षांखालच्या बाळासाठी तर खुर्चीचीही गरज नसते. आई आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात, बाळ आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसतं आणि पाठीवर निजवलं की त्याचं डोकं डॉक्टरांच्या मांडीत येतं. त्याला आईचा चेहरा दिसत राहतो. अंगणवाडीच्या सतरंजीवर बसूनही हे करता येतं.

घरच्यांनी करायच्या गोष्टीही साध्याच आहेत आणि त्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मराठीत छापून देता येतील. लेकराला खरं सांगावं की आपण दात दाखवायला चाललोय. “अजिबात दुखणार नाही” असं वचन देऊ नये, कारण थोडं जरी दुखलं तरी त्याचा आपल्यावरचा विश्वास जातो. सुई हा शब्द घरातून निघताना काढूच नये. मोठ्या भावंडांना आधी ताकीद द्यावी, कारण भीती बहुतेक वेळा तीच भरवतात. दुपारच्या झोपेच्या वेळी नेऊ नये. सकाळी थोडं खाऊ घालून न्यावं. रडलं तर रडू द्यावं. रडणारं लेकरूसुद्धा तोंड उघडं ठेवू शकतं आणि “एवढा मोठा झालास नि रडतोस?” या वाक्यानं दुखणं कमी होत नाही. भुलीचं इंजेक्शन द्यावं लागलं असेल तर पुढचे दोन-तीन तास नजर ठेवावी. ओठ बधिर असतो, मुलांना त्याची गंमत वाटते आणि चावून चावून ती जखम करून घेतात. घाबरलेल्या आया दुसऱ्या दिवशी लेकराचा सुजलेला ओठ दाखवायला शाळेत आलेल्या मी पाहिल्या आहेत, कारण ही एवढीशी गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नव्हती. आणि वर्षभर “गप बस, नाहीतर डॉक्टरकडं नेते, सुई देतेल” म्हणून धाक घालणं तर आपण सगळ्यांनीच थांबवायला हवं. शाळेतल्या माझ्या सहकाऱ्यांनाही हे सांगावं लागायचं.

गालावर सूज, ताप, डोळ्याखाली फुगवटा असं काही दिसलं तर मात्र धीर धरायचा नसतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. नुसत्या गोळ्यांनी सूज उतरते, दाढेतला पू तिथंच असतो.

महोदय, लहान मुलांचे दात भरायला मोठी यंत्रं लागतात असा समज आहे. तो खरा असता तर हे पत्र लिहून उपयोग नव्हता. १९८० च्या दशकाच्या मध्यात टांझानियात, जिथं वीज नव्हती अशा ठिकाणी, डच दंतवैद्य यो फ्रेंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक रीत घडवली. हातातल्या छोट्या हत्यारानं मऊ झालेली कीड खरवडून काढायची आणि ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट बोटानं दाबून भरायचं. यंत्र नाही, आवाज नाही, बहुतेक वेळा इंजेक्शनही नाही. हे सिमेंट दाताला आपणहून चिकटतं आणि हळूहळू फ्लोराइड सोडत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये या रीतीचा पुरस्कार केला. एकाच बाजूला खड्डा असलेल्या दाढेत हे भरण चांगलं टिकतं. दोन दाढांच्या मधे कीड असली तर तेवढं टिकत नाही. तिथं स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल यांची रीत उपयोगी पडते. दाढ न कोरता तिच्यावर स्टीलची टोपी बसवून कीड आतच कोंडायची. टोपी चमकते, दोन दिवस चावताना जड वाटतं, मग लेकरू ते विसरून जातं.

तिसरा उपाय याहून सोपा. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध कोरड्या केलेल्या दाढेवर एक थेंब मिनिटभर लावलं की बरीचशी कीड तिथंच थांबते. सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. जपानात ते १९७० पासून वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये हे औषध, ग्लास आयोनोमर आणि फ्लोराइडची पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. औषध लावलेली जागा कायमची काळी पडते, हे आईला आधी सांगायलाच हवं. न सांगता लावलं तर गावभर ओरड होईल आणि ती रास्त असेल. पण “ही दुधाची दाढ पडेल तेव्हा काळा डागही जाईल, तोवर ठणकणार नाही,” असं समोर बसवून सांगितलं तर बहुतेक आया हो म्हणतील, एवढं मी पालकसभांच्या अनुभवावरून खात्रीनं सांगते.

आता जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. परंड्याची, भूमची माणसं दवाखान्यासाठी बार्शी गाठतात. कळंबची लातूरला नाहीतर अंबाजोगाईला जातात. उमरग्याहून धाराशिवला यायचं तर नळदुर्ग, तुळजापूर ओलांडून यावं लागतं, त्यापेक्षा सोलापूर सोयीचं वाटतं. मोठ्या आजाराला माणूस एवढं करतो. दुधाच्या दाढेसाठी कुणी करत नाही आणि करावं अशी अपेक्षाही आपण ठेवू नये. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, ही फार मोठी गोष्ट झाली. पण भरण मोफत असलं तरी एसटीचं भाडं आणि दोघांचा बुडालेला रोज आईबापांनाच सोसावा लागतो, आणि लेकरू बुजलेलं असलं तर दोन-तीन खेपा होतात. म्हणून तुळजापूर, उमरगा, कळंब, परंडा इथल्या उपजिल्हा रुग्णालयांत आठवड्यातला एक ठरलेला वार फक्त लहान मुलांच्या दातांचा असावा, अशी माझी पहिली मागणी आहे. त्या दिवशी दाढ काढून घ्यायला आलेली मोठी माणसं, त्यांचं रक्त, त्यांचं कण्हणं लेकराच्या समोर नसेल. पहिली खेप नुसती दात मोजण्याची असेल. ठरलेला वार गावाला पाठ होतो, जसा लसीकरणाचा झाला.

भूम, वाशी, लोहाऱ्याकडे पथकानंच औषध, सिमेंट आणि हातहत्यारं घेऊन जावं, सोबत दंतवैद्य असावा. गावात ही कामं पेलणारी माणसं तयार होतात का, अशी शंका कुणी काढली तर तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरकडे बोट दाखवा. तिथल्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं खेड्यातल्या साध्या बायकांना शिकवून भारतवैद्य म्हणून उभं केलं. दात भरणं दंतवैद्याचंच काम आहे, पण ओठ वर करून पांढरा पट्टा ओळखणं, आईला चिठ्ठी समजावणं आणि लेकरासोबत खुर्चीपर्यंत जाणं हे आशाताई आणि अंगणवाडीताई उत्तम करतील. नळदुर्ग-तुळजापूरकडच्या बंजारा तांड्यांवरच्या लेकराला घरी गोरमाटी कानावर पडते, उमरग्याच्या सीमेवर कन्नड. खुर्चीत निजलेल्या अशा लेकराला पुस्तकी मराठीत “आ कर” म्हणून भागत नाही. ओळखीचा आवाज जवळ असला की अर्धं काम होतं. त्या दिवसाचा भत्ता या बायकांना मिळाला पाहिजे. सगळं सेवाभावावर सोडू नये.

यात वेळेला फार महत्त्व आहे, आणि ही गोष्ट दुष्काळी तालुक्यात शिकवलेल्या माणसाला लवकर कळते. दसरा-दिवाळी झाली की भूम, वाशी, कळंबकडच्या ऊसतोड टोळ्या मुकादमाच्या उचलीवर कारखान्यांकडे निघतात. लेकरं बरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहात राहतात. ती परतेपर्यंत उन्हाळा लागतो. शाळेची तपासणी डिसेंबर-जानेवारीत झाली तर ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे तीच मुलं हजेरीपटावर गैरहजर असतात. फडावर दाढ सुजली तर जवळ ना ओळखीचा दवाखाना असतो ना रजा. म्हणून या तालुक्यांची दातांची फेरी जून ते सप्टेंबरात आटोपावी. औषधाचा दुसरा हात सहा महिने उलटून टोळ्या परतल्या की देता येईल. ही वेळ मजुरांच्या येण्याजाण्याशी जुळते, ती न साधणं अन्यायाचं होईल.

पैशाचा प्रश्न आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. जिल्हा नियोजनाच्या निधीत सिमेंट, औषध आणि हातहत्यारं ही मोठी रक्कम नाही. माणसांसाठी शेजारी हात पसरावा लागेल. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. लातूर आणि सोलापूरलाही दंत महाविद्यालयं आहेत. आपल्या तेरणा नदीचं नाव असलेलं एक दंत महाविद्यालय नेरूळला आहे. या संस्थांमधले बालदंतरोगतज्ज्ञ महिन्यातून एकदा जरी आले, तरी आपल्या डॉक्टरांना लेकरू न धरता काम करण्याची रीत बघून शिकता येईल. २०२२ पासून धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्या लेकरांचं काम पूर्ण भूल दिल्याशिवाय होण्यासारखं नसतं, त्यांच्यासाठी तिथं सोय लावण्याचा विचार व्हावा.

आणि अंगणवाडीत रोज एकदा ब्रश. फिलिपिन्समधल्या गरीब शाळांत मुलं अंगणात रांगेनं उभी राहून फ्लोराइडच्या पेस्टनं दात घासतात, त्याला न्हाणीघर लागत नाही. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यानंतर वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर थुंकायचं, चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातावर राहतं. टँकरची वाट बघणाऱ्या गावात हा नियम अधिकच सोयीचा आहे.

या जूनमध्ये पहिली फेरी वाशी तालुक्यातून सुरू करावी अशी माझी सूचना आहे. तालुका लहान आहे, टोळ्या तिथून मोठ्या संख्येनं निघतात आणि काय जमतं, काय नाही हे दोन महिन्यांत कळेल. माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका प्रत्येक तालुक्यात आहेत. गावं, घरं, आईबापांची नावं आम्हाला ठाऊक आहेत. चिठ्ठ्या घरोघर नेऊन वाचून दाखवणं आणि ज्यांची आई येऊ शकत नाही त्यांच्यासोबत खुर्चीजवळ उभं राहणं, एवढं काम आम्ही अंगावर घेतो. आपल्या कार्यालयानं मे महिन्यात आरोग्य, शिक्षण आणि महिला-बालविकास अशा तिन्ही विभागांची बैठक लावावी आणि तिला आम्हालाही बोलवावं.

आपली नम्र,
जिल्हा परिषद शाळेतील एक निवृत्त शिक्षिका
ता. कळंब, जि. धाराशिव